बंदूक हातात होती तरी : 'द लेजंड ऑफ बॉगी क्रीक'ची गोष्ट

ऐकायचं सोडून वाचायला आलेल्यांसाठी नेहमीची सूचना: रेकॉर्डिंगमध्ये बोललो ते जसंच्या तसं इथे नाहीये. "म्हणजे बघा" आणि "ॲक्च्युअली" बऱ्यापैकी गाळलेत. राहिले असतील ते गोड मानून घ्या.

गेल्या भागात मी म्हणालो होतो की 'शिकारीला गेलेले मित्र आणि जंगलातलं काहीतरी' या छापाच्या सिनेमांवर एकदा बोलायचंय. प्लॉट तुम्हाला पाठ असेल. चार-पाच जण, एक जीप, बिअर, बंदुका, नेटवर्क नाही. पहिल्या रात्री हसणं, दुसऱ्या रात्री एक जण गायब. हल्ली असे सिनेमे मुद्दाम 'जुन्या पद्धतीचे' म्हणून काढतात. पडद्यावर दाणे दाणे, रंग विटलेले, टायटलचा फॉन्ट सत्तरच्या दशकातला. मला हे बघायला आवडतं, लपवत नाही. पण ज्या जुन्याची ही नक्कल आहे ते जुनं नेमकं काय होतं, हे शोधत शोधत मी अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्यातल्या फाउक नावाच्या गावात जाऊन पोचलो. म्हणजे लॅपटॉपवरच.

वर्ष १९७१, मे महिन्याची सुरुवात. फाउक म्हणजे पाचशेच्या आसपास वस्तीचं गाव. जवळ सल्फर नदीचा दलदलीचा सखल पट्टा, त्यात ओढे, झाडी, साप. बॉबी फोर्ड आणि त्याची बायको एलिझाबेथ तिथल्या एका घरात राहायला येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. रात्री एलिझाबेथ कोचावर झोपली असताना खिडकीच्या जाळीतून एक केसाळ हात आत आला, असं तिने सांगितलं. बॉबी आणि त्याचा भाऊ डॉन नुकतेच शिकारीहून परतले होते, म्हणजे बंदुका हाताशीच. त्यांनी गोळ्या झाडल्या. लागल्या असं त्यांना वाटलं, पण रक्ताचा थेंब सापडला नाही. मध्यरात्रीनंतर ते जे काही होतं ते परत आलं आणि त्याने बॉबीला उचलून आपटलं, असं फोर्ड मंडळींचं म्हणणं. बॉबीला टेक्सारकानाच्या हॉस्पिटलात नेलं. ओरखडे आणि घाबरल्याचा धक्का, बाकी ठीक. घराभोवती तीन बोटांचे ठसे मिळाले.

खरं काय होतं? माझं मत विचाराल तर अस्वल, किंवा कुणाची तरी चेष्टा, किंवा नवीन घरातली भीती. पण मला त्यात फारसा रस नाही. पुढे काय झालं ते जास्त मजेशीर आहे.

बातमी पेपरांत आली आणि आजूबाजूच्या गावांमधून लोक बंदुका घेऊन फाउकला लोटले. लिटल रॉकच्या केएएवाय रेडिओ स्टेशनने राक्षस पकडणाऱ्याला १,०९० डॉलरचं बक्षीस लावलं. हा विचित्र आकडा का, तर त्यांची फ्रिक्वेन्सी १०९०. मार्केटिंगवाले तेव्हाही असेच होते! रात्री झाडीत इतके हौशी शिकारी इतक्या बंदुका घेऊन फिरायला लागले, की शेरीफला काही काळ बंदूकबंदी करावी लागली. जनावरापेक्षा एकमेकांच्या गोळ्यांचा धोका जास्त. खोटी तक्रार दिली म्हणून तिघांना दंडही झाला. थोडक्यात, 'शिकारीला गेलेले मित्र' हा सिनेमा पडद्यावर यायच्या आधी फाउकच्या रस्त्यावर होऊन गेला.

तशी ही गोष्ट फाउकपेक्षा जुनी आहे. अल्जर्नन ब्लॅकवुडची 'द वेंडिगो' ही कथा १९१० ची. कॅनडाच्या जंगलात मूसच्या शिकारीला गेलेली माणसं, डेफागो नावाचा वाटाड्या, आणि रात्री तंबूतून त्याचं नाहीसं होणं. साचा तिथे तयार आहेच. आणि त्यात एक बारकावा आहे: आधी घाबरतो तो वाटाड्या, कारण जंगल त्याला माहीत असतं. पाहुण्यांना बराच वेळ काही कळतच नाही. हे जरा लक्षात ठेवा.

आता चार्ल्स बी. पिअर्स. टेक्सास आणि आर्कन्सॉच्या सीमेवरच्या टेक्सारकानात याची जाहिरातींची एजन्सी होती. स्थानिक टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमात हा 'मेयर चकल्स' बनायचा. फीचर फिल्म आयुष्यात केलेली नव्हती. त्याने गावातल्याच एका ट्रक-ट्रेलरवाल्या कंपनीकडून एक लाख डॉलरच्या वर कर्ज काढलं. एकूण बजेट साधारण १,६०,००० डॉलर सांगतात. लेखक अर्ल स्मिथ. कॅमेरा जुना, आणि मदतीला बरीचशी हायस्कूलची मुलं.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, दोन मिनिटं सहन करा. सिनेमा टेक्निस्कोप पद्धतीने शूट केला. साध्या ३५ मिलिमीटर फिल्ममध्ये एका फ्रेमला कडेची चार भोकं लागतात. टेक्निस्कोपमध्ये दोनच. म्हणजे हजार फुटांचं जे रीळ अकरा मिनिटं चालतं ते बावीस मिनिटं चालतं, आणि चित्र आपोआप रुंद मिळतं, फक्त नंतर ते ताणून मोठं करावं लागतं. निगेटिव्हचा खर्च अर्धा, बदल्यात प्रत्येक दाणा मोठा दिसतो. आज ज्या 'ग्रेन'साठी लोक प्लगइन विकत घेतात, तो तेव्हा काटकसरीचा साइड इफेक्ट होता.

काटकसरीचे असे परिणाम सगळीकडे आहेत. केसाळ सूट जवळून दाखवण्यासारखा नव्हता, म्हणून जनावर सतत झाडांच्या आड, अर्ध्या अंधारात, दूर. नटांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून गावातली बरीच माणसं स्वतःचंच काम करतात, स्वतःच्या नावानिशी. सुरुवातीलाच एक लहान मुलगा संध्याकाळच्या उजेडात माळावरून धावत दुकानापर्यंत जातो, कारण आईने पाठवलंय, की झाडीत ते पुन्हा ओरडतंय म्हणून सांग. बस, एवढंच. मोठा झालेला तोच मुलगा मग निवेदक म्हणून आपल्याशी बोलतो. क्रॅबट्री घराण्यातला एक पोरगा खारींच्या शिकारीला जातो आणि त्याची गाठ त्या जनावराशी पडते. मोठी माणसं कुत्री घेऊन माग काढायला निघतात, तर कुत्री पुढे जायलाच तयार नाहीत. शेपूट घालून मागे. संपूर्ण सिनेमात मी खरोखर दचकलो तो याच जागी, आणि तिथे जनावर पडद्यावर नाहीच.

सिनेमा ऑगस्ट १९७२ मध्ये टेक्सारकानात लागला. पुढे त्याने दोन कोटी डॉलरच्या वर कमावले असं सांगतात. आणि सर्टिफिकेट 'जी', म्हणजे पोराबाळांसकट बघा!

(जाता जाता: याच १९७२ मध्ये आपल्याकडे रामसे मंडळी महाबळेश्वरला बस भरून गेली आणि साधारण साडेतीन लाखांत 'दो गज़ ज़मीन के नीचे' घेऊन परतली. त्यावर वेगळा भाग करायचाय, आत्ता नको.)

त्याच उन्हाळ्यात, बॉगी क्रीकच्या जेमतेम काही दिवस आधी, दुसरा एक सिनेमा आला. जॉन बूरमनचा 'डिलिव्हरन्स'. अटलांटातले चार मित्र, नदीतली होडीची सफर, बर्ट रेनल्ड्सच्या हातात शिकारीचं धनुष्य. उत्तम सिनेमा आहे, ऑस्करला बेस्ट पिक्चरचं नॉमिनेशन होतं. पण त्यात जंगलात भूत नाहीये. जंगलात राहणारी माणसंच भूत आहेत. दात पडलेले, बोलणं न कळणारे, शहरातल्यांवर टपलेले. जॉर्जियात जिथे शूटिंग झालं तिथल्या कितीतरी लोकांना ते लागलं. दोन वर्षांनी 'टेक्सास चेन सॉ मॅसकर' आला, व्हॅनमधून फिरायला निघालेले पाच तरुण आणि वाटेवरचं एक घर. तोही माझा आवडता. पण या दोघांनी रस्ता ठरवून टाकला. तेव्हापासून 'मित्र शिकारीला गेले' म्हटलं की पेट्रोल पंपावरचा म्हातारा संशयास्पदच असतो.

बॉगी क्रीकमध्ये उलटं आहे. तिथे म्हातारा घाबरलेला आहे, किंवा म्हणतोय, मी इतकी वर्षं इथे एकटा राहतो, मला तर कधी काही दिसलं नाही. गोष्ट त्यांची आहे, भीतीही त्यांची. डेफागोसारखीच.

हे मला एवढं का लागलं ते सांगतो.

बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही पाच जणांनी एक शॉर्ट फिल्म केली होती. लोकेशन माझं आजोळ, मुळशीच्या पलीकडे. स्क्रिप्ट काय, तर पुण्याचे मित्र रात्री रानात जातात वगैरे. घाबरवायला कुणीतरी पाहिजे होतं, बजेट शून्य, म्हणून मामाला उभा केला. खांद्यावर घोंगडी, हातात कोयता, कंदील खालून चेहऱ्यावर. "मामा, काही बोलू नका, नुसतं बघत राहा." मामा म्हणाला, "अरे, पाव्हण्याकडं असं कोण बघतं का?" पण उभा राहिला बिचारा, रात्री दीड वाजेपर्यंत. मामीने सगळ्यांना भाकरी आणि पिठलं दिलं ते वेगळंच. कॉलेज फेस्टमध्ये मामाचा क्लोजअप आला आणि हॉल किंचाळला, मग हसला. बक्षीस मिळालं. नंतर दर सुट्टीत मामा विचारायचा, पिच्चर कधी दाखवतो? मी म्हणायचो, एडिटिंग चालूय. तो पिच्चर मी त्याला आजतागायत दाखवलेला नाही. त्यावर घातलेला फिल्म-ग्रेनचा इफेक्ट मात्र फार सुंदर होता.

तर थ्रोबॅकवाल्यांशी माझं भांडण दाण्यांवरून नाही. २००७ च्या 'ग्राइंडहाउस'मध्ये ओरखडे कॉम्प्युटरने घातलेत, एक रीळच गायब दाखवलंय, ते गमतीचं आहे. टाय वेस्टने २००९ चा 'द हाउस ऑफ द डेव्हिल' खरोखर १६ मिलिमीटरवर शूट केला, त्याला तर सलाम. पण शिकारीच्या सहलीवाले जे थ्रोबॅक मी पाहिले, त्यांनी जुन्यातून 'डिलिव्हरन्स'चा म्हातारा उचललाय. दुकानापर्यंत धावत जाणारा मुलगा कुणी उचलत नाही. एक मोठा अपवाद म्हणजे 'ब्लेअर विच प्रोजेक्ट'. बॉगी क्रीकचा प्रभाव त्याच्या दिग्दर्शकांनी स्वतः सांगितलाय, आणि त्यात सुरुवातीला गावकऱ्यांशी जे बोलणं आहे ते बघितलं की कळतंच.

पिअर्सला संत करायचं नाहीये मला. ज्यांची नावं, घरं आणि भीती वापरली त्या सगळ्यांना सिनेमाने खूश केलं असं नाही. क्रॅबट्री कुटुंबातले स्मोकी क्रॅबट्री नाराज होते, आणि १९७४ मध्ये त्यांनी आपली बाजू मांडणारं पुस्तक काढलं. त्यांच्या ट्रॅव्हिस नावाच्या मुलावर तर सिनेमात अख्खं गाणं आहे. तुमच्या पोराचं नाव देशभरच्या थिएटरांत गायलं जातंय आणि तुम्ही शेतात उभे, हे कसं वाटत असेल, कल्पना करा.

सिनेमाची अवस्थाही पुढे वाईट झाली. कित्येक वर्षं तो कुणाच्याच मालकीचा नसल्यासारखा फिरत होता, धुरकट डीव्हीडींवर. पिअर्स २०१० मध्ये गेला. त्यानंतर त्याच्या मुलीने, पामुला पिअर्स बार्सलू यांनी, चिकाटीने काम करून २०१९ मध्ये तो दुरुस्त करवून घेतला. आता दलदलीवरचं धुकं नीट दिसतं. गंमत म्हणजे इतकी वर्षं लोक ज्याला 'सत्तरचा लुक' समजत होते, त्यातला बराचसा नुसता खराब प्रिंटचा मळ होता. फाउकमध्ये आज 'मॉन्स्टर मार्ट' नावाचं दुकान आहे, बाहेर केसाळ पुतळ्यासोबत फोटो काढता येतो.

गेल्या दिवाळीत मी तो नवा प्रिंट मामाला दाखवला, लॅपटॉपवर, पडवीत बसून. इंग्रजी त्याला कळत नाही, मी मध्ये मध्ये सांगत होतो. केसाळ माणूस दिसला की तो हसायचा. कुत्री माघारी फिरली तिथे मात्र हसला नाही. म्हणाला, "थांब, परत लाव." परत लावलं. मग म्हणाला, "वाघरू असणार. वाघराच्या वासावर कुत्रं पाऊल टाकत नाही. ह्या लोकांनी बघितलेलं आहे बरं का काहीतरी."

आणि मग, "आपला कधी दाखवतो?"