मेंढीचे जंत आणि माणसाची घाई

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गातील एक मुलगी भर पावसाळ्यात चार दिवस शाळेत आली नाही. चौकशी करता कळले की, घरची दुभती शेळी दगावली. तिच्या जबड्याखाली पाणी साठून पिशवीसारखी सूज आली होती आणि एका सकाळी ती उठलीच नाही. “सर, जंताचं औषध तर तीनदा पाजलं होतं,” असे ती मुलगी मला पुन्हा पुन्हा सांगत होती.

औषध पाजले आणि जनावर तरीही गेले, हे कोडे उलगडण्यासाठी, श्रोतेहो, या औषधांचा इतिहासच पाहावा लागतो.

शेळ्यामेंढ्यांच्या पोटात अनेक जातींचे जंत असतात. परंतु त्यांतला खरा मारेकरी म्हणजे हिमॉन्कस कॉन्टॉर्टस. जनावराच्या चौथ्या पोटाला चिकटून तो रक्त पितो. मादी जेमतेम इंचभर लांब, तांबड्यापांढऱ्या पिळाची. एक जंत दिवसाला मिलिलिटरचा विसावा भाग रक्त घेतो, म्हणजे काहीच नाही. पण असे पाच हजार जंत असले की रोज पाव लिटर रक्त जाते. शिवाय एकेक मादी दिवसाकाठी पाच-पाच हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडतात, उबदार ओलाव्यात फुटतात, आणि आठवड्याभरात बारीक अळ्या गवताच्या ओल्या पात्यांवर चढून पुढच्या जनावराची वाट पाहू लागतात.

आपल्याकडे जंतांवर वावडिंग, पळसपापडी हे उपाय फार जुने. परंतु हजारोंच्या कळपांना एकदम पाजण्याचे औषध शोधण्याची निकड लागली ती लोकरीचा व्यापार करणाऱ्या देशांना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या केप वसाहतीत मेंढ्यांना मोरचुदाचे पाणी पाजू लागले. पुढे त्यात तंबाखूचा अर्क, म्हणजे निकोटिन, मिसळण्यात आला. (निपाणीकडच्या श्रोत्यांना हा उपयोग ऐकून मौज वाटेल.) ही दोन्ही विषेच. जंत आणि मेंढी यांच्यापैकी आधी कोण मरेल, हे मात्रेच्या नेमकेपणावर अवलंबून असे.

खरी क्रांती झाली ती फिनोथायाझिनने. बर्न्टसेन या जर्मन रसायनज्ञाने 1883 मध्ये रंगद्रव्यांचा अभ्यास करताना हा पदार्थ तयार केला होता. तो मेंढीच्या जंतांवर चालतो, हे अमेरिकेत 1938 च्या सुमारास ध्यानात आले. एका मोठ्या मेंढीला दोन-अडीच तोळे भुकटी पाजावी लागे, तिची लघवी लाल होई आणि लोकरीवर डाग पडत. तरीही मेंढपाळांनी हे औषध डोक्यावर घेतले. 1957 मध्ये मात्र अमेरिकेतील केंटकी राज्यातून बातमी आली की, काही जंत या औषधाला दाद देत नाहीत.

तेथून पुढची हकीकत म्हणजे एकाच गोष्टीची पुनरावृत्ती होय. 1961 मध्ये थायाबेंडाझोल आले; 1964 मध्ये त्याला न जुमानणारे जंत सापडले. 1976 मध्ये भारतातूनही तशी नोंद झाली. जपानमधील इतो गावाजवळच्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी एक सूक्ष्मजीव वेगळा केला. त्यापासून अमेरिकेत विल्यम कँपबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिन सिद्ध केले व 1981 मध्ये ते बाजारात आले. जेथे पूर्वी तोळ्यांनी भुकटी लागे, तेथे आता पन्नास किलोंच्या मेंढीला 10 मिलिग्रॅम पुरू लागले! या कामासाठी दोघांनाही 2015 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु मेंढ्यांच्या जंतांनी या औषधावरही मात केल्याचे दक्षिण आफ्रिकेतून 1988 मध्येच प्रसिद्ध झाले होते. न्यूझीलंडमध्ये 2009 साली विक्रीस आलेल्या मोनेपँटेलची तीच गत 2013 पर्यंत झाली.

यात जंतांची हुशारी किती आणि आपली घाई किती? माझ्या मते घाईचा वाटा मोठा. कैक वर्षे तज्ज्ञ सांगत आले की, सगळा कळप एकदम औषध पाजून स्वच्छ, नव्या कुरणावर न्यावा. सल्ला वरवर किती शहाणपणाचा! पण औषधातून बचावतात ते दणकट जंतच. नव्या कुरणावर त्यांचीच अंडी पडतात. त्यांच्यात मिसळायला साधे, औषधाने मरणारे जंत तेथे नसतात. शेळीच्या बाबतीत आणखी एक चूक झाली. तिचे शरीर यांतील पुष्कळ औषधे मेंढीपेक्षा लवकर निकामी करते. मेंढीच्या मापाने पाजलेली मात्रा तिला अपुरी पडते, आणि अपुरी मात्रा म्हणजे जंतांना दिलेली तालीमच. त्या मुलीच्या घरी मेंढीचेच माप वापरले होते की गावातले जंतच त्या औषधाला सरावले होते, हे आता कोण सांगणार?

तोड निघाली तीही दक्षिण आफ्रिकेतच. फ्रान्स्वा मालान या पशुवैद्याच्या कल्पनेवरून तेथे पाच रंगांचे एक कार्ड तयार झाले. त्याच्याच नावावरून त्याला ‘फामाचा’ म्हणतात. मेंढीची खालची पापणी उलटून आतल्या अस्तराचा रंग कार्डाशी ताडून पाहायचा. लालबुंद असेल तर औषध नको. फिकट गुलाबी किंवा पांढरा असेल तरच पाजायचे. कळपातील बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, म्हणून हे जमते. बाकीच्यांच्या पोटात साधे जंत मुद्दाम राहू द्यायचे, हे ऐकायला विपरीत वाटते खरे. पण त्यामुळेच औषधाचा गुण टिकतो. अर्थात ही परीक्षा रक्तपित्या जंतांपुरतीच आहे. हगवण लागली किंवा जनावर वाळत चालले, तर पशुवैद्याला दाखवावे, लेंड्या तपासून घ्याव्यात.

पावसाळ्यात ओल्या मुलखातून काढता पाय घेऊन कोरड्या माळरानाकडे मेंढ्या वळवणारे आपले धनगर कार्डावाचून या शत्रूला टाळत आलेच आहेत. एक-दोन शेळ्या दाराशी बांधणाऱ्या घराला ती सोय नाही. त्या मुलीच्या घरी आता दोन पाटी आहेत. पावसाला सुरुवात झाली की दर आठवड्याला ती त्यांच्या पापण्या उलटून पाहते आणि रंग वहीत लिहून ठेवते.