मुरळी ते मोबाईल : लेकीबाळींच्या फसवणुकीचा इतिहास

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत असा विषय कशाला, असं काही उपासक-उपासिकांना वाटेल. मंगल प्रसंगी मंगलच लिहावं, असा आपला रिवाज आहे. पण ज्या गोष्टीवर घरात कुणी बोलत नाही, चावडीवर बोलत नाही, तिच्यावर विहारातसुद्धा बोलायचं नाही, तर मग बोलायचं कुठं? लेकीबाळींना गोड बोलून जाळ्यात ओढणं आणि त्यांच्यावर अत्याचार करणं हे आजच्या मोबाईलनं आणलेलं संकट आहे, असं आपण समजतो. तसं नाही. त्याचा इतिहास जुना आहे आणि आपल्याच उंबऱ्याजवळचा आहे.

बारामती-इंदापूरकडून जेजुरी काही लांब नाही. मोरगाव ओलांडलं की पुढं जेजुरीच. सोमवतीला आपल्या भागातली हजारो माणसं तिथं जात आली. त्याच जेजुरीला एके काळी लहान लहान पोरी खंडोबाला वाहिल्या जात. मूल होत नाही, दुखणं हटत नाही, म्हणून आईबाप नवस बोलत. पुढं त्या पोरीचं देवाशी लग्न लावत, भंडारा उधळत, गळ्यात कवड्यांची माळ घालत. झाली मुरळी! देवाची बायको म्हणून तिचं माणसाशी लग्न होत नसे. वाघ्याबरोबर जागरणात नाचायचं, गायचं आणि गावातल्या दांडग्या माणसांच्या वासनेला बळी पडायचं, हे तिच्या नशिबी येई. कित्येक जणींची वाट शेवटी पुण्या-मुंबईच्या वेश्यावस्तीत गेली. या पोरी बहुतेक कुणाच्या होत्या? महार, मांग अशा गोरगरीब, दबलेल्या जातींच्या.

आता या प्रथेची रीत नीट पाहा. पोरगी लहान असतानाच तिची निवड होते. तू विशेष आहेस, तू देवाची आहेस, असं तिला सांगितलं जातं. नवे कपडे, दागिना, मानपान मिळतो. मग तिला चारचौघींच्या संसारातून वेगळं काढलं जातं. आणि शेवटी तोंडावर कुलूप! बोललीस तर देव कोपेल. आज ज्याला ग्रूमिंग म्हणतात, म्हणजे आधी विश्वास कमवायचा, मग लाड करायचे, मग एकटं पाडायचं आणि मग धाक घालायचा, ते याहून काय वेगळं आहे? पूर्वी हे काम नवसाच्या नावानं चालायचं, एवढाच फरक.

बरं, तेव्हा कायदा नव्हता असंही नाही. १८६० च्या दंडसंहितेत अल्पवयीन मुलगी वेश्याव्यवसायासाठी देणं-घेणं हा गुन्हाच होता. पण फिर्याद कोण देणार? देणारे आईबाप, घेणारा देव, आणि बघणारा सगळा गाव. कायदा कागदावर राहिला.

ही कोंडी फोडायला आपल्यातलीच माणसं पुढं आली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक काढलं आणि मुरळी सोडण्याच्या चालीवर कोरडे ओढले. पण नुसती टीका करून ते थांबले नाहीत. मुरळ्यांशी लग्न करून त्यांना संसारात आणा, असं त्यांनी तरुणांना आवाहन केलं. त्याला एका मुरळीनंच उत्तर दिलं. शिवूबाई लक्ष्मण जाधव हे तिचं नाव. आपल्यासारख्या बायकांच्या वाट्याला आलेलं दुःख तिनं मासिकातून उघड मांडलं. आणि गणपतराव हणमंतराव गायकवाड नावाचा कार्यकर्ता तिच्याशी लग्नाला उभा राहिला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे! महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही या चालीविरुद्ध काम केलं. पुढं १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. मुलगी देवाला वाहणं बेकायदा ठरलं आणि वाहिलेल्या बाईचं लग्न कायदेशीर ठरलं. तरी प्रथा पुरती संपली नाही, म्हणून महाराष्ट्राला २००५ साली नवा देवदासी निर्मूलन कायदा करावा लागला.

येवल्याच्या घोषणेनंतर, १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज यांची सभा झाली. परमपूज्य बाबासाहेब त्यांच्यापुढं बोलले. कामाठीपुऱ्यातल्या बायाही तिथं होत्या. हे लाजिरवाणं जिणं सोडा, लग्न करा, चार बायांसारखा संसार करा, असं त्यांनी रोखठोक सांगितलं. बोलणं कडक होतं. पण त्या बायांना समोर बसवून, माणूस म्हणून, समाजाचा भाग म्हणून बाबासाहेब बोलत होते हे विसरू नका. बाकीचं जग त्यांच्या सावलीलाही उभं राहत नव्हतं.

त्याही आधी, १८६३ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनी इथं येऊन सुखरूप बाळंत व्हावं, म्हणून. फसवणारा उजळ माथ्यानं गावात फिरे आणि विधवा मात्र विहीर जवळ करी. फुले दांपत्यानं तिला तू कुठं चुकलीस हे विचारलं नाही, दार उघडलं.

पण समाजाची खोड लवकर जात नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका गरीब आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला, असा खटला उभा राहिला. हेच मथुरा प्रकरण. उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, पण सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरडा केला नाही, मग जबरदस्ती कशी म्हणायची, असा विचार झाला. १९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिलं. भीतीनं गप्प बसणं आणि संमती देणं यात फरक आहे, हा त्यांचा मुद्दा. बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला.

हा फरक तथागतांच्या संघानं अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखला होता. थेरी उप्पलवण्णा वनात एकटी राहत असताना एका तरुणानं तिच्यावर बलात्कार केला. भिक्खुणीचं ब्रह्मचर्य भंगलं का, असा प्रश्न उठला. विनयपिटकात बुद्धांचा निर्णय आहे : जिची संमती नव्हती, तिचा काही अपराध नाही. इतकं सरळ! मग आपण बौद्ध म्हणवणारे लोक पोरीला पहिला प्रश्न ‘तू तिथं गेलीसच कशाला’ हा का विचारतो?

हाच प्रश्न अत्याचार करणाऱ्याचं बळ असतो. १९९४ साली जळगावचं प्रकरण बाहेर आलं. मुलींशी, तरुण बायकांशी ओळख वाढवायची, आमिष दाखवायचं, फोटो काढायचे आणि त्या फोटोंच्या धाकावर पुन्हा पुन्हा बोलवायचं, अशी ती रीत होती. अब्रूच्या भीतीनं पुष्कळ जणी तक्रारीला आल्याच नाहीत. धाक फोटोचा कमी आणि आपल्याच घरच्यांचा जास्त. आता तर फोटो काढायला कॅमेरा लागत नाही, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे.

आपल्या भागातलं पाहा. बारामतीला शिकायला, नोकरीला पोरी येतात, एस.टी.नं ये-जा करतात, खोली घेऊन राहतात. इंदापुरात उजनीच्या काठाला मजुरांच्या वस्त्या आहेत. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात आणि पोरगी कोपीवर एकटी. आम्हा कामगारांच्या घरातही बाप पाळीवर, आई रोजानं. अशा वेळी पोरीला रिचार्ज मारून देणारा, खाऊ आणणारा, गाडीवर सोडणारा ‘चांगला माणूस’ कोण आहे, हे पाहायला नको का? सरकारचे गुन्हे अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगतात की बहुतेक आरोपी ओळखीचेच असतात. शेजारी, नातलग, शिकवणारा, लग्नाचं आमिष देणारा. आणि मुलगेही यातून सुटलेले नाहीत.

आज कायदा पाठीशी आहे. २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुला-मुलींसाठी आहे. या वयात ‘तिची मर्जी होती’ ही सबब चालत नाही. मुलीचा जबाब तिच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, तोही गणवेशाशिवाय. तिचं नाव छापता येत नाही. आणि माहिती असून कळवलं नाही तर तो गुन्हा आहे. म्हणजे चार पंच बसवून, पैसे देऊन प्रकरण मिटवणं हाही गुन्ह्यालाच हातभार. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

पण १८६० चा कायदा होता, तरी मुरळ्या सोडल्या जातच होत्या. शिवूबाई बोलली आणि तिच्या मागं माणसं उभी राहिली, तेव्हा कुठं एक वाट फुटली. म्हणून विहारातल्या रविवारच्या वर्गात मुला-मुलींना तिसऱ्या शीलाचा अर्थ नुसता पाठ म्हणून नको, उघड करून सांगा. कुणी ‘हे घरी सांगू नको’ म्हणालं, तर तेच आधी घरी सांगायचं, हे शिकवा. पोरांना सांगा की पोरीचा नकार म्हणजे नकार. आणि पोरगी बोलायला लागली तर तिला मध्येच तोडू नका. आधी ऐका, विश्वास ठेवा, मग तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा. मान खाली घालायची असेल तर ती अत्याचार करणाऱ्यानं घालावी. आमच्या लेकीनं नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!