केसभर चूक

श्रोतेहो, आखाला चाक नीट बसले नाही, तर बैल कितीही गुणी असोत, गाडी डुगडुगायचीच. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. भिंग उत्तम, पेटी उत्तम. पण दोघांचे माप जुळले नाही, तर चित्र पुसट येते.

जर्मनीत वेट्झलर गावी, लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा कुशल यंत्रज्ञ होता. त्याने रचलेला लायका हा छोटा कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. त्याचे भिंग पेटीला कायमचे जोडलेले असे. १९३० साली भिंग काढून दुसरे बसवायची सोय झाली. पण भिंगापासून फिल्मपर्यंतचे अंतर सर्व पेट्यांत सारखे नव्हते. म्हणून कारखान्यात प्रत्येक भिंग त्या त्या पेटीशी जुळवून देत. एकाचे भिंग दुसऱ्याच्या कामाचे नाही! अखेर १९३१ साली भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिलिमीटर असे कायम ठरले.

पुढे १९३२ साली अंतरमापक भिंगाशी जोडला गेला. हे कसे चालते? एक बोट नाकासमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट सरकल्यासारखे दिसते ना? जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. अंतरमापकातही दोन खिडक्यांतून दोन प्रतिमा दिसतात. भिंग फिरवले, की आतला छोटा दांडा हलतो आणि प्रतिमा एकमेकींवर येतात. त्या जुळल्या, म्हणजे नेम बसला.

पण इथेच मेख आहे. छायाचित्रकाराला दिसतो तो अंतरमापक. फिल्मवर काय उमटते, ते दिसत नाही. पन्नास मिलिमीटरचे भिंग एक दशांश मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाच्या जाडीइतके चुकले, तर एक मीटरवर नेम सुमारे साडेतीन सेंटिमीटर ढळतो. डोळ्यांवर नेम धरावा, आणि स्पष्ट यावे नाकाचे टोक! फिल्म धुतल्यावर चूक कळते. तोवर तो क्षण गेलेला असतो.

जुनी भिंगे आजही हौसेने वापरली जातात. दुरुस्तीत आतली एखादी पातळ चकती हरवली, तरी हाच दोष येतो. म्हणून भिंगाला नावे ठेवण्याआधी तपासून पाहावे. टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवून, एका आकड्यावर नेम धरून, भिंग पूर्ण उघडे ठेवून चित्र घ्यावे. दुसराच आकडा स्पष्ट आला, तर माप बिघडले आहे असे समजावे.

शिक्षकबंधूंनो, मुलांना एवढे अवश्य सांगा: नुसती चांगली वस्तू घडवून भागत नाही, तिचे माप सगळ्यांचे एक असावे लागते.