खोलीचा कागद नाही, म्हणून गप्प बसायचं?



माजरी जंक्शनवरून आपल्या पोरी चंद्रपूरला, नागपूरला शिकायला जातात. वसतिगृहात नंबर लागला नाही की दोघी-तिघी मिळून खोली करतात. मागच्या वर्षी गटातल्या एका ताईच्या मुलीला परीक्षेच्या तोंडावर घरमालकाने खोली रिकामी करायला लावली. डिपॉझिटही देईना. “कागदच नाही, काय बोलणार?” ताई म्हणाल्या. आम्हीही गप्प बसलो. ते चुकलंच. मग आम्ही हा कायदा मुळापासून समजून घेतला.

आपला भाग तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. महायुद्धानंतर शहरांत घरं मिळेनात. १९४९ साली भाडे नियंत्रणाचा आदेश निघाला. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची तर मालकाला आधी भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी लागे. पुढे विदर्भ महाराष्ट्रात आला, तरी हाच आदेश चालू राहिला. मुंबईकडे १९४७चा कायदा, मराठवाड्यात १९५४चा. एका राज्यात तीन तऱ्हा! ३१ मार्च २००० पासून १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि तिन्ही गेले.

आता पोरींच्या खोल्यांचे करार बहुतेक ‘लिव्ह अँड लायसन्स’चे असतात. मुदत संपली की खोली सोडायची. नाही सोडली तर दुप्पट भरपाई. जुन्या भाडेकरूचं बळ त्यात नाही. शिवाय करारात जे लिहिलं तेच खरं धरतात, म्हणून न वाचता सही नको.

पण याच कायद्याचं ५५वं कलम ऐका. करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदलेला कागद नसेल, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरतात. “११ महिन्यांचाच करार, नोंदणी कशाला?” हे आपल्या राज्यात चालत नाही. भाड्याची पावती देणंही मालकाला बंधनकारक आहे. वाद झाला म्हणून वीज-पाणी तोडता येत नाही.

हे कळेपर्यंत त्या पोरीने मैत्रिणीच्या खोलीवर राहून पेपर दिले होते. डिपॉझिट तिने मोबाइलवरून पाठवलं होतं, त्याची नोंद सापडली. ती जोडून मालकाला लेखी मागणी पाठवली आहे. उत्तर अजून यायचं आहे.