अळवावरचे पाणी : पानापासून कापडापर्यंत

भेडाघाटला धुवांधार धबधब्याचे तुषार संगमरवरी खडकांवर अखंड पडत असतात. खडक भिजतो आणि पाणी त्यावर पसरते. तेच तुषार अळवाच्या पानावर पडले, तर मोत्यांसारखे गोळा होऊन ओघळून जातील. मराठीने क्षणभंगुरतेला ‘अळवावरचे पाणी’ म्हटले. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात अलिप्ततेसाठी कमळाच्या पानाचा दृष्टान्त आला. निरीक्षण जुने होते. त्यामागचे कारण उलगडायला मात्र विसावे शतक यावे लागले.

पहिला धागा कापडातच सापडला. इंग्लंडमध्ये लोकर उद्योगासाठी संशोधन करणाऱ्या कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये सच्छिद्र पृष्ठभाग कसे भिजतात याचे गणित मांडले. तंतूंमधील फटींत हवा अडकून राहिली, तर थेंब थोडासा तंतूंवर आणि बराचसा हवेवर टेकतो. म्हणून तो पसरत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी हाच विचार वनस्पती आणि प्राण्यांच्या पृष्ठभागांना लावून पाहिला.

पानाची प्रत्यक्ष रचना दाखवली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांच्या १९७० च्या दशकात एक गोष्ट ध्यानात आली : गुळगुळीत पाने निरीक्षणापूर्वी धुवावी लागत, खडबडीत पाने मात्र मुळातच स्वच्छ असत. १९९७ मध्ये त्यांनी आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी याचे सविस्तर स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. पेशींचे सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे त्याहूनही बारीक स्फटिक, अशी ही दुहेरी रचना आहे. कमळ आणि अळू या दोन्ही पानांवर थेंबाचा स्पर्शकोन सुमारे १६० अंश भरला. घरंगळणारा थेंब जाताना धूळही सोबत नेतो.

पुढे या तत्त्वावर भिंतींचे रंग आणि डाग न धरणारी कापडे आली. आयआयटी मुंबईत प्रा. स्वतंत्र प्रताप सिंह यांच्या गटाने कमळपत्राच्या धर्तीवर ग्राफीनचा जलविरोधी बाष्पक तयार केला. खारे पाणी गोडे करताना त्यावर मिठाचा थर साचत नाही.

तथापि, उद्योगाने पानाचा गुण घेतला, त्याची पद्धत नव्हे. पानाला मेण पुरते. कापडासाठी मात्र दीर्घकाळ फ्लोरिनयुक्त रसायने वापरली गेली. त्यांच्याशी निगडित ‘पीएफओए’ हे निसर्गात सहजी न विघटणारे संयुग २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आले. शिवाय घर्षणाने मेण झिजले, तर अनेक वनस्पती ते पुन्हा निर्माण करतात. कापडाला ही सोय नाही. वापरात आणि धुण्यात झिजत जाणारा त्याचा हा गुणच अखेर अळवावरचे पाणी ठरतो. म्हणूनच फ्लोरिनविना टिकणारा आणि स्वतःला सावरणारा पृष्ठभाग घडवणे, हा पानाकडून घ्यायचा धडा अजून शिल्लक आहे.