डबाबंद सॅमन : कारखाना, नदी आणि स्वयंपाकघर

पाककृतींचा इतिहास सांगताना आपण बहुधा घरापासून सुरुवात करतो. कोणा सुगरणीला काही सुचले, शेजारणीने ते उचलले आणि पदार्थ रूढ झाला, असे आपण समजतो. डबाबंद सॅमनच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. इथे निम्मा स्वयंपाक कारखान्याने आधीच उरकलेला असतो. उरलेल्या निम्म्यात घरच्या बाईने काय काय केले, त्याचा हा इतिहास आहे. सॅमनचे कटलेट, सॅमन लोफ, मटारच्या पांढऱ्या सॉसमधला सॅमन या पदार्थांना ‘गरिबीतली काटकसर’ म्हणून बाजूला टाकण्याची पद्धत आहे. काटकसर त्यात होतीच, पण तेवढ्याने या पदार्थांचे रूप उलगडत नाही. ते उलगडण्यासाठी डब्यात काय असते ते आधी पाहावे लागते.

सॅमन डब्यात कच्चाच भरतात. डोके, शेपटी, पर आणि पोटातली घाण काढायची, डब्याच्या उंचीच्या आडव्या तुकड्या करायच्या, त्या कातडी-काट्यांसह डब्यात बसवायच्या, चिमूटभर मीठ टाकायचे आणि झाकण लावायचे. पाणी किंवा तेल घालण्याची गरज नसते. मग बंद डबा दाबाच्या वाफेत, साधारण ११५ अंश सेल्सिअसला, तासाभराहून अधिक वेळ ठेवतात. घरातला प्रेशर कुकर ज्या तत्त्वावर चालतो तेच इथेही आहे. एवढी उष्णता माशासाठी लागत नाही. मासा त्याच्या कितीतरी आधी शिजलेला असतो. ती लागते हवेशिवाय वाढणाऱ्या, उकळत्या पाण्यालाही दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंसाठी. परिणामी डबा उघडल्यावर मिळतो तो गरजेपेक्षा जास्त शिजलेला मासा. त्याचा रस सुटून तळाशी साचलेला असतो, मांसाचे पापुद्रे सुटे झालेले असतात आणि मधला काटा इतका मऊ असतो की बोटांनी चुरडता येतो.

आता स्वयंपाक करणाऱ्याच्या बाजूने विचार करा. हा मासा तळता येत नाही, कारण तुकडी हातात येतच नाही. रश्श्यात टाकून ढवळला तर त्याचा लगदा होतो. तो कोरडा आहे, म्हणून त्याला ओलावा हवा, आणि सुटा आहे, म्हणून त्याला धरून ठेवणारे काही तरी हवे. अंडे, दूध, पावाचा चुरा, उकडलेला बटाटा, भात किंवा पांढरा सॉस यांपैकी काही ना काही डबाबंद सॅमनच्या बहुतेक जुन्या पदार्थांत आढळते, त्याचे कारण हेच. या गृहिणी वाफेच्या भट्टीने उभा केलेला प्रश्न सोडवत होत्या.

ही भट्टी तिथवर कशी आली ते थोडक्यात पाहू. फ्रान्समधला हलवाई निकोला अपेर याने अन्न काचेच्या बाटल्यांत बंद करून उकळण्याची रीत बसवली आणि १८१० मध्ये सरकारी बक्षीस घेऊन ती पुस्तकरूपाने जाहीर केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. अन्न का टिकते हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. पाश्चरचे काम त्यानंतर अर्ध्या शतकाने आले. विज्ञान आधी आणि तंत्रज्ञान नंतर, असा क्रम आम्ही अभियांत्रिकीचे शिक्षक वर्गात सर्रास सांगतो. डब्याच्या इतिहासात तो क्रम टिकत नाही.

पॅसिफिक किनाऱ्यावरचा सॅमन डब्यात गेला तो १८६४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीवर. विल्यम आणि जॉर्ज हे ह्यूम बंधू आणि डबे बनवण्यात मुरलेला अँड्र्यू हॅपगुड यांनी नदीकाठी एका तराफ्यासारख्या सपाट बोटीवर कारखाना थाटला. डबे हाताने कापायचे आणि हातानेच झाळायचे. पहिल्या वर्षी सुमारे निम्मे डबे सांध्यांतून फुटून वाया गेले. त्यातच सोन्याच्या खाणींतून पाण्याच्या फवाऱ्याने डोंगर धुऊन काढले जात होते. त्यांचा गाळ नदीत उतरून मासे घटू लागले, तेव्हा १८६६ मध्ये ही मंडळी उत्तरेला कोलंबिया नदीवर गेली. तिथल्या पहिल्या हंगामात ४,००० खोकी निघाली. एका खोक्यात एकेक पौंडाचे ४८ डबे असत. १८८३ मध्ये त्याच नदीवर सव्वासहा लाखांवर खोकी भरली गेली. सतरा वर्षांतली ही वाढ पाहिली की नदीचे पुढे काय झाले असेल, याचा अंदाज वेगळा सांगायला नको.

पण डबा येण्याआधी कोलंबियाचा सॅमन टिकवलाच जात नव्हता, असे समजू नका. या नदीवर सेलिलो नावाचा धबधबा होता. तिथले मूळ रहिवासी मासा वाऱ्यावर सुकवून, कुटून, टोपल्यांत दाबून भरत. लुईस आणि क्लार्क यांची तुकडी १८०५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे पोचली तेव्हा अशा टोपल्यांच्या थप्प्या रचलेल्या होत्या, आणि हा मासा कित्येक वर्षे चांगला राहतो असे क्लार्कने नोंदवले. त्या माशाचा दूरदूरच्या टोळ्यांशी व्यापार चाले. म्हणजे टिकाऊ सॅमन आणि त्याची बाजारपेठ या दोन्ही गोष्टी तिथे आधीपासून होत्या. डब्याने मालक बदलला आणि ग्राहक समुद्रापलीकडे नेला. १९५७ मध्ये द डॅलेस धरणाच्या पाण्याखाली सेलिलो बुडाला.

कारखान्यातले हात कोणाचे होते, हेही पाहायला हवे. १८७० च्या दशकापासून कोलंबियावर मासा कापण्याचे, डबे झाळण्याचे काम प्रामुख्याने चिनी मजूर करत. मुकादम कारखानदाराशी खोक्यामागे दर ठरवी आणि माणसे पुरवी. अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियात मासा धुण्याच्या व डबे भरण्याच्या कामावर मूळ रहिवासी स्त्रियाही मोठ्या संख्येने असत. १८८२ च्या अमेरिकन कायद्याने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी केली. जुने कारागीर म्हातारे होऊ लागले आणि मजुरी वाढू लागली. १९०३ च्या सुमारास सिअ‍ॅटलच्या एडमंड स्मिथने मासा कापून साफ करणारे यंत्र तयार केले. ते मिनिटाला साठच्या आसपास मासे उरकू शकत असे. त्याच्या विक्रीच्या नावातच चिनी माणसासाठी वापरली जाणारी शिवी होती, आणि ती यंत्राच्या पाटीवर राजरोस झळके. एखाद्या यंत्राने कोणाची जागा घेतली हे इतक्या उघडपणे सांगणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. पुढे जपानी आणि नंतर फिलिपिनी मजूर आले. फिलिपिनी मजुरांनी १९३३ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये आपली संघटना उभारली.

आता परत स्वयंपाकघरात येऊ. सॅमनच्या जाती अनेक. त्यांतल्या सॉकआयचे मांस गडद लाल असते आणि ‘पिंक’ जातीचे फिकट गुलाबी. चवीत फरक आहे, पण किमतीतला फरक पुष्कळसा रंगाचा होता. लाल तो भारी, असे गिऱ्हाइकाच्या मनात पक्के बसले. ब्रिटनमध्ये डब्यांचा मोठा खप होता. तिथल्या कामगारवस्तीत लाल सॅमनचा डबा रविवारच्या संध्याकाळच्या चहाला, पाहुणे आले की उघडायचा. त्याला फारसे काही करत नसत. व्हिनेगर, काकडीचे काप आणि लोणी लावलेला पाव एवढे पुरे होई. रंग दिसला पाहिजे ना! दुसऱ्या महायुद्धात, १ डिसेंबर १९४१ पासून, डबाबंद मांस-मासे तिथे गुणपद्धतीच्या रेशनवर गेले. माणशी चार आठवड्यांना सुरुवातीला १६ गुण मिळत. ते कशावर उडवायचे हे घराने ठरवायचे, आणि सॅमनचा डबा म्हणजे मोठा खर्च. अशा वेळी डबा भाताबटाट्यात मिसळून पुरवला जाई.

अमेरिकेत स्वस्त पिंक सॅमन समुद्रापासून शेकडो मैल आत, खेड्यातल्या वाणसामानाच्या दुकानापर्यंत पोचला. पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांना तो इतका खावा लागला की त्यांनी त्याचे नाव ‘गोल्डफिश’ ठेवले. ते कौतुकाने नव्हे. १९३० च्या दशकातल्या मंदीत तो घराघरात मुख्य जेवण झाला. लोफमध्ये मासा काट्यांसकट कुस्करायचा, त्यात अंडे, दूध, पावाचा चुरा आणि कांदा घालून साच्यात भाजायचे आणि वड्या पाडायच्या. न्यू इंग्लंडमध्ये ४ जुलैला ताजा सॅमन आणि नवे मटार खाण्याची रीत होती. जिथे ताजा मासा मिळत नसे तिथे तेच जेवण डब्यातल्या माशाने होई. इथे तळाचा रस फेकायचा नाही. तो पांढऱ्या सॉसमध्ये घालायचा, मटार टाकायचे आणि मासा अगदी शेवटी, न ढवळता सोडायचा. काटे टाकू नयेत, याला चवीपलीकडचेही कारण आहे. कॅल्शियम त्यांतच असते.

दक्षिणेकडच्या राज्यांत, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांत, सॅमन क्रोकेट रुजले. क्रोकेट मुळात फ्रेंच. कालचे मांस घट्ट सॉसमध्ये मळून, चुऱ्यात घोळवून तळायचे. इथे सॉस गळाला आणि मक्याचे पीठ किंवा खारी बिस्किटे कुटून आली. एक डबा, एक अंडे, मूठभर पीठ, कांदा आणि मिरपूड घेऊन चपट्या टिक्क्या थापायच्या व थोड्या तेलात परतायच्या. सोबत मक्याच्या भरड्याची ‘ग्रिट्स’ नावाची लापशी. बऱ्याच घरांत हा रविवारच्या न्याहारीचा पदार्थ झाला आणि आजही आहे. माझ्या मते डबाबंद सॅमनचा सगळ्यात यशस्वी पदार्थ हाच. बाहेरचा कुरकुरीतपणा आतल्या कोरडेपणाची भरपाई करतो, फिकट रंग तळणीत झाकला जातो आणि एका पौंडाच्या डब्यात चार-पाच माणसांचे भागते. पूर्वी एक पौंडाचा डबा हेच प्रचलित माप होते, त्यामुळे कृती सुरूच होई ‘एक डबा सॅमन’ अशी. कारखान्याचे माप असे पाककृतीचे माप बनले.

हिंदुस्थानात हा डबा आला तो साहेबांच्या टेबलावर. इथे त्याचा अर्थ नेमका उलटा होता. अमेरिकेत तो स्वस्ताई होता, इथे प्रतिष्ठा. मद्रासच्या सैन्यातला कर्नल केनी-हर्बर्ट याने ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने १८७८ मध्ये ‘कलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास’ हे पुस्तक काढले. बाजारात उत्तम ताजा मासा असताना महागडे विलायती डबे मेजवानीत मांडणाऱ्यांवर त्याने चांगलेच तोंडसुख घेतले आहे. मला तो या एका बाबतीत पूर्ण पटतो. मद्रासच्या किनाऱ्यावर राहून डब्यातला मासा उघडणे याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायची गरज नाही. उलट दिशेने, खिचडीची ‘केजरी’ होऊन ती विलायतेला गेली. तिथे डाळ गेली, मासा आणि उकडलेले अंडे आले. मूळ मासा धुरी दिलेला हॅडॉक, पण अनेक घरांत डब्यातल्या सॅमनवर काम भागे. मोकळ्या भातात लोणी घालून मासा वरून अलगद मिसळायचा. डब्यातल्या माशाला हे फार सोयीचे आहे, कारण इथे तो सुटा असणेच अपेक्षित आहे.

नावाचाही इतिहास गमतीचा आहे. मुंबईत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकतात, पण त्याचे सॅमनशी काही नाते नाही. श्रीलंकेत गोष्ट याहून पुढे गेली. तिथे डब्यातल्या माशालाच सरसकट ‘सॅमन’ म्हणतात, मग आत बांगड्याच्या जातकुळीतला मासा का असेना. त्या ‘सॅमन’ची तिथे बटाटा, कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि मिरपूड घालून गोळी वळतात, अंड्यात बुडवतात, चुऱ्यात घोळवून तळतात आणि तिला ‘कटलिस’ म्हणतात. कोलंबोतल्या बेकरीत चहाबरोबर ती हमखास मिळते.