तरुणांचे वजन आणि व्यायामाची गोडी

नांदेड किंवा लातूर शहरात सकाळी सहाच्या सुमारास बाहेर पडल्यास तरुणांचे दोन वेगळे समूह दिसतात. एक समूह मैदानावर किंवा शहराबाहेरच्या रस्त्यावर धावत असतो. पोलीस भरतीची मैदानी चाचणी त्याच्या डोळ्यांसमोर असते. मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर धावणे, त्याशिवाय १०० मीटर धाव आणि गोळाफेक, असे एकूण ५० गुण. दुसरा समूह पाठीवर दप्तर अडकवून सायकलने शिकवणी वर्गाकडे निघालेला असतो. त्याच्यासमोर 'नीट'चे ७२० गुण असतात. दोघांचे वय जवळपास सारखेच. पण स्वतःच्या शरीराशी असलेले त्यांचे नाते मात्र सर्वस्वी भिन्न असते.

पहिल्या समूहाला व्यायाम आवडतो आणि दुसऱ्याला त्याचा कंटाळा आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. 'जाड मुले आळशी असतात, म्हणूनच ती जाड होतात' हे विधानही घरोघरी ऐकू येते. वजन आणि व्यायामाविषयीची भावना यांचा संबंध निश्चितच आहे, परंतु तो इतका सरळ नाही.

मुळात 'व्यायाम आवडतो का?' हा प्रश्न फसवा आहे. व्यायाम आरोग्याला हितकारक आहे हे महाविद्यालयातील कोणताही विद्यार्थी मान्य करील. पण मान्य करणे वेगळे आणि धावताना मनाला बरे वाटणे वेगळे. शारीरिक शिक्षणाच्या संशोधनात या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजल्या जातात. गेराल्ड केन्यन यांनी १९६८ मध्ये व्यायामाविषयीची वृत्ती मोजण्यासाठी एक मापनश्रेणी तयार केली. माणूस व्यायामाकडे सहा कारणांनी वळतो, असे तिचे गृहीतक आहे : इतरांचा सहवास, आरोग्य, वेगाचा आणि जोखमीचा थरार, हालचालीतील सौंदर्य, मनावरील ताणाचा निचरा आणि खडतर साधना. तालमीतील पैलवान यांपैकी शेवटच्या कारणाने घाम गाळतो, तर नांदेडला होला मोहल्ल्याच्या वेळी गतका खेळणाऱ्या तरुणाला थरार आणि सौंदर्य दोन्ही लाभत असावेत. आपल्या घरांत मात्र मुलांना सहापैकी एकच कारण सांगितले जाते, ते म्हणजे आरोग्य. तेही बहुधा 'वजन कमी कर' या शब्दांत.

आधी काय, वजन की कंटाळा? इंग्लंडमधील प्लिमथ येथे शाळकरी मुलांचा काही वर्षे सलग अभ्यास करण्यात आला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला. शरीरात चरबी अधिक असलेल्या मुलांची हालचाल पुढील काळात कमी होत गेली. मात्र हालचाल कमी असलेल्या मुलांची चरबी त्यामुळे पुढे वाढली, असे आढळले नाही. एका अभ्यासावरून अंतिम मत बनवू नये, हे खरेच. तरीही आपण ज्याला कारण समजतो तो परिणाम असू शकतो, एवढे त्यावरून ध्यानात येते.

असे का घडत असावे? याची दोन उत्तरे महत्त्वाची आहेत. पहिले शरीराचे. अमेरिकेत एक्केकाकिस आणि लिंड यांनी व्यायामाची सवय नसलेल्या मध्यमवयीन स्त्रियांना ट्रेडमिलवर २० मिनिटे चालायला लावले. प्रथम स्वतःच्या पसंतीच्या वेगाने आणि नंतर त्याहून केवळ दहा टक्के अधिक वेगाने. ज्यांचे वजन प्रमाणात होते, त्यांना या वाढीव वेगाचे फारसे काही वाटले नाही. वजन अधिक असलेल्या स्त्रियांचे समाधान मात्र घटत गेले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग तरुणांवर झालेला नसला तरी शाळेच्या मैदानावरचे चित्र तो नेमके उलगडतो. शिट्टी वाजते, सर्वांनी एकाच वेगाने धावायचे असते. सडपातळ मुलासाठी जी मौज, तीच शेजारच्या स्थूल मुलासाठी धाप असते. त्याचा वेग दुसरा कोणीतरी ठरवीत असतो.

दुसरे उत्तर समाजाचे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाचवी ते आठवीच्या मुलांना विचारले गेले, की खेळताना वजनावरून तुम्हाला कोणी बोलते का? ज्यांना असे बोल ऐकावे लागत, त्यांना खेळाची गोडी कमी असल्याचे आढळले. आपल्याकडे 'ढोल्या', 'जाड्या' ही तर लाडाची नावे मानली जातात! ती ठेवणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही आणि ऐकणारा मात्र हळूहळू मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहतो. मुलींच्या बाबतीत पोशाखाचा आणि रोखून पाहणाऱ्या नजरांचा संकोच यात आणखी मिसळतो.

जड शरीराला मान देणारे खेळ आपल्या मातीत नाहीत असे नव्हे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत कुस्तीचे फड रंगत आले आहेत. आखाड्यात भारदस्त देह ही थट्टेची बाब नसते. गोळाफेकीतही नसते. शाळेच्या तासाला मात्र धावण्याच्या शर्यतीलाच खेळ समजले जाते.

आतापर्यंत स्थूल मुलांविषयी बोललो. पण मराठवाड्यात कृश तरुणांचा प्रश्नही तितकाच मोठा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २१ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या, तर सुमारे २३ टक्के अधिक वजनाच्या आहेत. कमी वजनाचा तरुण 'मला व्यायामाची गरजच काय?' असे म्हणतो, आणि घरचेही त्याला दुजोरा देतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स नेमका सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही आतून चरबीयुक्त असू शकतो, हे या एका छायाचित्राने दाखवून दिले. म्हणूनच भारतीय प्रौढांसाठी २३ पासूनच वजन अधिक मानले जाते. उदाहरणार्थ, १६५ सेंटिमीटर उंचीच्या तरुणाचे वजन ६३ किलो असेल तर तो ही रेषा ओलांडतो, आणि आरशात त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी मात्र हा आकडा थेट लावू नये. त्यांच्याकरिता वयानुसार वाढीचे स्वतंत्र तक्ते आहेत.

आता पुन्हा सायकलवरच्या विद्यार्थ्याकडे वळू. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांमुळे नावारूपाला आलेल्या 'लातूर पॅटर्न'ने ग्रामीण भागातील कित्येक मुलांना डॉक्टर, अभियंता केले, हे त्याचे मोठेच श्रेय आहे. नांदेडही त्याच वाटेने शिकवणी वर्गांचे केंद्र बनले. पण गावातून आलेला, शेतात वावरलेला मुलगा येथे दोन वर्षे वर्ग, अभ्यासिका आणि मेस या त्रिकोणात बसून काढतो. व्यायामाची आवडनिवड ठरण्याच्या वयात त्याला व्यायामाचा अनुभवच मिळत नाही. त्या काळात वजन वाढले, तर पुढे पहिल्यांदा धावताना लागणारी धाप हीच त्याची व्यायामाशी ओळख ठरते.

जागतिक आरोग्य संघटना १७ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे आणि प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. ११ ते १७ वयोगटातील जगभरची ८१ टक्के मुले ही मर्यादा गाठत नसल्याचे २०१६ च्या आकडेवारीवरून दिसले होते. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, एवढा वेग. ज्याला व्यायाम नकोसा वाटतो त्याने याच वेगापासून आरंभ करावा, आणि तो वेग स्वतः निवडावा. २०२० च्या सुधारित सूचनांमध्ये आणखी एक सोय झाली आहे. पूर्वी प्रौढांच्या बाबतीत सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल हिशेबात धरली जात नसे. ती अट आता काढून टाकण्यात आली आहे. वसतिगृहापासून शिकवणी वर्गापर्यंत जोमाने मारलेले सायकलचे पायडलही हिशेबात जमा होते.